रायरची सुई

हणमंता,

परवा तुझ्या तेराव्याच्या पंगतीत सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. प्रसूतिगृहाच्या खाटा निघाल्या, शाळांच्या विहिरी निघाल्या, मद्रासच्या कौन्सिलात तू विचारलेले प्रश्न निघाले. मी रसमभातापर्यंत आलो होतो. तेवढ्यात मागच्या ओळीतून कोणी तरी हलकेच म्हणालं, "माणूस मोठाच. ती सुई तेवढी नडली." दोघे-तिघे हसले, तेराव्याला हसतात तितकंच. मी पानावरून उठलो. वाढपी मागून म्हणत राहिला, "मास्तर, पायसम् यायचंय अजून."

आपल्या गावात हे कुणाला समजावून सांगायला नको. पण हा कागद कुंभकोणम् आणि तंजावरच्या बाहेरही जाईल, म्हणून सांगतो. इथली तमिळ माणसं आपल्या मराठी राव घराण्यांना 'रायर' म्हणतात, आणि सुईला 'ऊसी'. विणकराने सांगितलं की साडी मागावरून उतरली, आणि ती उतरलेली नसेल, तर व्यापारी विचारतो, "खरंच उतरली, की रायर ऊसी?" कागदावर झालेलं आणि प्रत्यक्षात न झालेलं काम म्हणजे रायरची सुई. अठरा वर्षं हा शब्द बाजारात चालतो आहे. तो रायर म्हणजे तू, हे म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. तरुणांना तेही ठाऊक नाही, ते नुसतंच म्हणतात.

ती सुई तुझी नव्हती. माझी होती. हे तुझ्यामागे दोन आठवडे होऊन गेल्यावर लिहितो आहे, आणि तू असताना लिहिलं नाही, याची लाज जितकी वाटायला हवी तितकी वाटते आहे. कागद मिळत नाही या लढाईमुळे, म्हणून शाळेतल्या जुन्या परीक्षेच्या कागदांच्या मागच्या बाजूवर लिहितो आहे. तुला आवडलं असतं. कोऱ्या जागेवर तुझं फार प्रेम.

आपलं खरं भांडण त्यावरच होतं, नाही का? माझे वडील तंजावरच्या राजवाड्याच्या दफ्तरात कारकून. राज्य खालसा झालं, इंग्रज आले, तरी ते जुनी बाडं नकलून काढत बसायचे. मला त्यांनी एकच शिकवलं: पानात भोक नको. एखादा रकाना कोरा राहिला की त्यांना जेवण गोड लागत नसे. मीही तसाच झालो. शाळेचं रजिस्टर मी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवत असे, शाई वाळायला वेळ मिळावा म्हणून. सकाळी मुलं येतच. एकदा तू ते पाहिलंस आणि म्हणालास, "सदू, उद्याचा पाऊसही मांडून ठेव. कलेक्टरचं काम वाचेल."

"पान स्वच्छ दिसतं," मी म्हणालो.

"दिसतं. म्हणूनच भीती वाटते."

तुझी रीत उलटी. मुन्सफ कोर्टातली बरी चाललेली वकिली सोडून तू कौन्सिलात गेलास, तेव्हा लोकांना वाटलं आता भाषणं ऐकायला मिळतील. तुला भाषण येतच नव्हतं. तू प्रश्न विचारायचास, दोन-दोन ओळींचे. ते मोडीत टिपून न्यायचास, म्हणजे शेजारच्या बाकावरच्याला वाचता येणार नाहीत. तंजावर जिल्ह्यातल्या किती शाळांत पिण्याच्या पाण्याची विहीर आहे? गेल्या वर्षी बाळंतपणात किती बायका दगावल्या? या दुसऱ्या प्रश्नामागे तुझी सरस्वती होती, हे सभागृहात कुणाला माहीत नव्हतं. काशीला जन्म देऊन ती गेली, तेव्हा दारात जी सुईण होती तिच्याजवळ एक विळी आणि राख एवढंच होतं. तू हे कधी बोलला नाहीस. प्रश्न मात्र दर अधिवेशनात विचारलास.

मद्रासहून परतलास की गाडीतून उतरून थेट माझ्या ओट्यावर यायचास, हातात छापील कागद.

"काय मिळालं?" मी विचारायचो.

"माहिती नाही."

"म्हणजे काहीच नाही मिळालं."

"अरे, सरकारनं छापून दिलंय की त्यांना माहिती नाही. आता मोजायला माणूस धाडावाच लागेल. मोजलं की लाज वाटेल. लाज वाटली की विहीर होईल."

तसंच झालं. पुष्कळ ठिकाणी विहिरी झाल्या. 'माहिती नाही' असं उत्तर आलेले कागद तू वेगळ्या टिनाच्या पेटीत ठेवायचास, दुसरी माणसं मानपत्रं ठेवतात तसे.

आता त्या वर्षाकडे येतो.

देवीच्या लशीसाठी सरकारला सक्ती हवी होती. न टोचलेल्या मुलाच्या बापाला दंड, आणि दारात शिपाई. तुझं म्हणणं, शिपाई आला की आया मुलांना कणगीत लपवतात. टोचायचं तर शाळेतून टोचा. मास्तरला आयांशी बोलू द्या, सोबत एक नर्स द्या. सरकार हसत होतं. तेव्हा तू मला म्हणालास, "तुझ्या शाळेत करून दाखव. एक शाळा पुरी झाली की मी उभा राहतो."

माझी शाळा कावेरीकाठच्या रस्त्यावर. पितळेची भांडी ठोकणाऱ्यांची आणि विड्याच्या पानांच्या मळ्यात राबणाऱ्यांची मुलं, एकेचाळीस. त्यांत पंधरा मुली. गावात इतक्या मुली दुसऱ्या कुठल्या शाळेत नव्हत्या. मी घरोघर गेलो. हे मी खरंच केलं, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो. सगळ्या आयांनी होकार दिला. "वाध्यार सांगताहेत, तर आणते," असं त्या म्हणाल्या. वाध्यार म्हणजे मास्तर. या गावात त्या शब्दाला अजून मान आहे.

देवी डॉक्टरने, म्हणजे सरकारी टोचणीवाल्याने, मला दिवस विचारला. मी घरी येऊन भिंतीवरचं पंचांग पाहिलं. आपलं, घरचं. आषाढातला एक शुक्रवार, त्या दिवशी घरात व्रत नाही, सण नाही, श्राद्ध नाही. मी शुक्रवार दिला.

बाहेर तमिळ शिकवणारा, तमिळमध्ये भाजी घेणारा मी, दिवस मात्र मराठीत पाहिला. तमिळ घरांत तो आडी महिन्यातला शुक्रवार होता. आडी महिना मारियम्मनचा, शुक्रवार तिचा वार, आणि देवीचा आजार तिचाच मानतात. त्या दिवशी घरोघर तिच्या नावाची आंबील शिजते. लेकराच्या अंगाला त्या दिवशी हत्यार कोण लावू देईल? आमच्या शेजारच्या गवळ्याच्या पोरालाही हे कळलं असतं. असली चूक आपल्याच घरांतला माणूस करू शकतो. दोन पंचांगांत राहतो, आणि पाहतो एकातच.

गुरुवारी संध्याकाळी मी रजिस्टरातला टोचणीचा रकाना भरून ठेवला. एकेचाळीस नावं, एकेचाळीस खुणा. शाई सुरेख वाळली.

शुक्रवारी बावीस मुलं आली. एकोणीस आली नाहीत.

टोचणीवाला म्हणाला, "उरलेली पुढच्या महिन्यात." पुढच्या महिन्यात त्याची बदली झाली. नवा माणूस यायचा होता, तो आला नाही. रोज सकाळी मी रजिस्टर उघडायचो आणि त्या एकोणीस खुणा मला दिसायच्या. खरवडल्या तर पान फाटेल, असं मी मनाला सांगितलं. आज ना उद्या टोचतीलच, मग खुणा आपोआप खऱ्या होतील, असंही सांगितलं. पानासाठी मी हे केलं, हणमंता. पैशासाठी नाही, बढतीसाठी नाही. ते असतं तर एखादे वेळी तुला समजायला सोपं गेलं असतं.

मग मद्रासहून तुझं कार्ड आलं. "सर्वांना टोचलं का? उलट टपाली कळव. मी बुधवारी उभा राहतो आहे."

मी उलट टपाली कळवलं. कार्डावर एकच शब्द लिहिला, आपल्या घरच्या बोलीतला, पुण्याचे पाहुणे ऐकून हसतात तो. अस्के. म्हणजे सगळे.

तू बुधवारी उभा राहिलास. दंड नाही, शिपाई नाही, एकेचाळीस मुलं आणि एकूण एक टोचलेलं, असं तू सांगितलंस. सरकारने ऐकलं. सक्ती बाजूला राहिली. जिल्ह्यातल्या शाळांसाठी टोचणीवाले आणि दोन नर्स मिळाल्या. तू त्या खेपेला माझ्यासाठी मद्रासहून निळ्या शाईची बाटली आणलीस.

पंगुनीच्या, म्हणजे फाल्गुन-चैत्राच्या उन्हात गावात देवी आली. आमच्या रस्त्यावर दारोदार कडुलिंबाच्या डहाळ्या लागल्या. त्या एकोणीस मुलांपैकी आठजण आजारी पडली. तीन गेली. त्यात वळ्ळी होती, पानमळ्यात काम करणाऱ्या चेल्लम्माची मुलगी, सात वर्षांची. पाढे म्हणताना तिला पायाचा अंगठा हलवायची सवय होती. बे एके बे, अंगठा वर. बे दुणे चार, अंगठा खाली. तिच्या नावापुढे माझी खूण होती.

रकाना कोरा असता तर तू आठवड्यात माणूस धाडला असतास. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि यापुढे कुणी माझी कीव करू लागलं तर त्याने हे वाक्य पुन्हा वाचावं.

तू शाळेत आलास. "रजिस्टर आण," म्हणालास. बोट रकान्यावरून खाली नेलंस. मग जी मुलं हजर होती त्यांना ओळीने उभं केलंस, बाह्या वर करायला लावल्यास, आणि एकेकाचा हात उजेडाकडे वळवून पाहिलास. काहींवर वण होते, काहींवर नव्हते. मग परत रजिस्टराकडे आलास.

"ही कोण?"

"वळ्ळी. गेली."

"खूण आहे."

"हो."

बराच वेळ तू त्या पानाकडे पाहत राहिलास. मी सांगून टाकायच्या तयारीत होतो. खरंच होतो. तूच विचारलंस, "मुली किती आता?"

"चौदा."

"येतात रोज?"

"येतात."

"ताक असलं तर दे, सदू. ऊन फार आहे."

मी ताक आणलं. तू उभ्यानेच प्यायलास, छत्री उघडलीस आणि गेलास. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर येईल म्हणून मी धोतर बदलून बसलो. तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पुढच्या आठवड्यात तू मद्रासला गेलास आणि कौन्सिलात उभं राहून म्हणालास: मी या सभागृहाला चुकीची माहिती दिली. ती तपासणं माझं काम होतं. मी मुलांचे हात पाहिले नाहीत. दोष माझा आहे.

तो छापील कागद माझ्याजवळ आहे. त्यावर एका सरकारी सभासदाचं उत्तर आहे, की सन्माननीय सभासद सुईचं काम लेखणीने करतात असं दिसतं. पुढे कंसात छापलंय, हशा. तिथून ती सुई निघाली आणि गाडीने कुंभकोणम्ला आली.

निवडणुकीत तुझ्या विरोधकांनी बांबूची दोन पुरुष उंचीची सुई बनवून मिरवली. तिला नेढं होतं, टोक नव्हतं. ती मी माझ्या खिडकीतून पाहिली. तू पडलास. पितळी भांड्यांचे व्यापारी, पानमळ्यांचे मालक, आपल्या मठातले भजनी, सगळे म्हणाले, खोटं बोलणारा निदान हुशारीने तरी बोलतो. तुझ्या बाजूने बोलायला मी एका शब्दाने तोंड उघडलं नाही. मी शाळेत होतो. पाढे शिकवत होतो.

तू मात्र थांबला नाहीस, आणि तुझ्याबद्दल लिहिताना मला सगळ्यांत अभिमान वाटतो तो या चार वर्षांचा, ज्यांत तू कुठलाच सभासद नव्हतास. टोचणीवाल्याबरोबर पायी हिंडलास. साक्कोट्टै, चोळपुरम्, मधल्या सगळ्या वाड्या-वस्त्या. पंचांग तमिळ घेतलंस, आडी महिना टाळलास, शुक्रवार टाळलास. गावात पोचलास की आधी स्वतःची बाही वर करून सगळ्यांसमोर टोचून घ्यायचास, मग म्हणायचास, आता ज्याची इच्छा असेल त्याने यावं. बायका हसायच्या. "रायर, तुमच्या हाताला जागा उरली का?" तू गेलास त्या दिवशी तुला शेवटची आंघोळ घालताना डावा हात मी धरला होता. खांद्यापासून कोपरापर्यंत वणच वण. भटजींनी पाणी घालायचं थांबून माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. तिथेही नाही.

त्या हिंडण्यात एकदा मी तुझ्याबरोबर होतो. साक्कोट्टैहून परत येताना, बांधावरून, तू पुढे मी मागे. तुझी पाठ समोर होती म्हणून धीर आला.

"हणमंता, त्या रजिस्टराचं..."

"शाळा चालू आहे की?"

"आहे."

"मुली?"

"सतरा झाल्या."

"मग चालू दे."

एवढंच. चार पावलं गेल्यावर तू वळून म्हणालास, "बांध निसरडा आहे. पाय बघून टाक." पुढे आपण तो विषय काढला नाही.

यावर मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि तू ऐकायला नसलास तरी भांडणार आहे. खरं बाहेर पडलं असतं तर मला काढून टाकलं असतं, आणि मास्तरच खोटा निघाला म्हणून आयांनी मुली घरी बसवल्या असत्या. हा तुझा हिशेब मला कळतो. तो बरोबरही असेल. त्या मुलींतल्या दोघी आज तुझ्या प्रसूतिगृहात नर्स आहेत. पण हा निर्णय तू एकट्याने घेतलास. मला विचारलं नाहीस. तू माझं ओझं उचललंस आणि वर मला सांगितलंस, पाय बघून टाक. अठरा वर्षं तुझ्या चांगुलपणाखाली दबून राहणं काय असतं, हे तुला कळलं नाही. तुझ्यासारख्यांना ते कळत नाही. मला शिक्षा झाली असती तर मी ती भोगून संपवली असती आणि पुन्हा तुझ्या बरोबरीने चाललो असतो.

आणि तरी, बोलायला मला कुणी बंदी केली नव्हती. हेही लिहितो.

पुढल्या खेपेला तू परत निवडून आलास. प्रसूतिगृह झालं. शाळांतून मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. तिच्या नियमांत तू एक ओळ घालून घेतलीस: टोचणीचा रकाना मास्तराने भरू नये. ज्याने मुलाचा हात स्वतः पाहिला असेल त्यानेच भरावा आणि सही करावी. सगळ्या इलाख्यातल्या मास्तरांना वाटलं, काम कमी झालं. तो नियम कुणासाठी होता हे दोघांनाच ठाऊक होतं.

एक गोष्ट राहिली. ती सांगितल्याशिवाय हा कागद खरा होणार नाही. रेशमाच्या दुकानात एका लग्नाची खरेदी चालली होती. दुकानदार म्हणाला, माल वाटेत आहे. वराचा काका म्हणाला, "वाटेत, की रायर ऊसी?" सगळे हसले. मीही हसलो. सगळे हसतात तेव्हा आपोआप हसू येतं, तसं. मग वर पाहिलं तर तू दारात उभा होतास. तू चष्मा काढलास, उपरण्याने पुसलास, परत घातलास आणि म्हणालास, "सदू, तो हिरवा काठ चांगला आहे."

तुला शेवटी काय वाटत होतं ते मला माहीत नाही. हेच तुझं आवडतं उत्तर, म्हणून तेच लिहितो.

तुझ्या दहाव्या दिवशी काशी आमच्याकडे आली. ती टिनाची पेटी तिच्या हातात होती. 'माहिती नाही' वाल्या कागदांच्या तळाशी माझं कार्ड सापडलं होतं.

"काका, अक्षर तुमचंच की?"

"माझंच."

"अस्के. काय अस्के?"

मी सांगितलं. या सगळ्यातलं सगळं, पहिल्यांदा, तुझ्या मुलीला. ती ओट्याच्या खांबाला टेकून ऐकत होती. तिचे केस पांढरे व्हायला लागले आहेत, तू कधी पाहिलंस का?

"म्हणजे हे कार्ड दाखवलं असतं तर अप्पा सुटले असते."

"हो."

"आणि तुम्ही दर शनिवारी आमच्याकडे येऊन कॉफी प्यायलात."

"प्यायलो."

"मी करून दिली." तिने पेटीचं झाकण लावलं. "आता काय करणार?"

"लिहितो. मराठीत लिहून आपल्या सगळ्या घरांना धाडतो."

"लिहा," काशी म्हणाली. "लिहिण्यात तुम्ही पटाईतच आहात. ती सुई मराठीत फिरत नाही, काका. बाजारात फिरते. तिथं जाऊन तमिळमध्ये बोला."

तुझीच मुलगी. बोलणं दोन ओळींचं.

ती गेल्यावर मी ते जुनं रजिस्टर काढलं आणि त्या एकोणीस खुणा लाल शाईने खोडल्या. प्रत्येकीपुढे लिहिलं, टोचलं नाही, आणि खाली सही केली. एका ठिकाणी निब रुतली आणि पान फाटलं. ज्या फाटण्याला मी एवढा भ्यालो होतो ते हेच, बोटाएवढं. काहीही झालं नाही. पण काशीने सांगितलेलं काम तेव्हाही उरलंच. तेराव्याच्या पंगतीतून उठल्यावर ते आणखी पुढे ढकलण्यासारखं नव्हतं.

काल सकाळी रजिस्टर काखेत मारून बाजारात गेलो. मुरुगेसनच्या पानाच्या दुकानावर. तो चेल्लम्माचा मुलगा, वळ्ळीचा धाकटा भाऊ. बहीण गेली तेव्हा रांगत होता. दुकानावर चार माणसं होती. मी म्हटलं ती जाईपर्यंत थांबू, मग म्हटलं नको, असू देत.

मी त्याला सांगितलं. दिवस मी चुकीचा दिला. खुणा मी केल्या. रायरांना खोटं मी कळवलं. पान उघडून वळ्ळीचं नाव दाखवलं. त्याला वाचता येतं, माझ्याच शाळेत शिकला. त्याने नाव वाचलं, लाल शाई वाचली, आणि पानांवर पाणी शिंपडत राहिला.

"आई सांगायची," तो म्हणाला, "अम्मनचा शुक्रवार होता म्हणून मीच तिला पाठवलं नाही. मरेपर्यंत तेच सांगायची. रायर खोटं बोलले असं आमच्या घरात कुणी म्हटलं नाही."

"मग तू 'रायर ऊसी' का म्हणतोस?"

त्याने मान वर केली. "सगळे म्हणतात म्हणून."

"रिकामा रकाना मी दाखवला असता, तर दुसरा माणूस आला असता. शुक्रवार सोडून. तुझ्या आईनं पाठवलं असतं तिला."

गिऱ्हाइकांतल्या एकाने उगाच चुना परत लावला. मग मुरुगेसन सावकाश म्हणाला, "आता माझ्याकडून काय पाहिजे, वाध्यार?"

"आजपासून 'वाध्यार ऊसी' म्हण."

"असं कसं म्हणणार? तुम्ही मला शिकवलंत."

"म्हणूनच सांगतो."

त्याने तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला, नव्या गिऱ्हाइकाचं नाव लक्षात ठेवावं तसा. मान हलवली. "जिभेवर बसत नाही, वाध्यार. दुसरं जुनं आहे."

"बसेल," मी म्हणालो. "तू रोज म्हण."

त्याने मला पान दिलं नाही, आणि मी मागितलं नाही.

आज संध्याकाळी शिवणीला टाकलेला सदरा आणायला परत त्या बाजूला गेलो होतो. पितळेच्या दुकानात कुणी तरी नव्या घागरीची चौकशी करत होतं. ठोकणारा म्हणाला, उद्या नक्की. गिऱ्हाईक म्हणालं, "उद्या नक्की, की वाध्यार ऊसी?" दुकानातले हसले. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी तिथेच खांबाला हात लावून थोडा वेळ उभा राहिलो.

बसतंय, हणमंता. जिभेवर बसतंय.

तुझा,
सदू